निववणीचे अकरा ठोके

सिनेमा दोन तास एकवीस मिनिटांचा आहे. त्यात आमच्या घरचा संबळ चार ठिकाणी वाजतो. पहिल्यांदा अठ्ठावीस सेकंद, दुसऱ्यांदा एकोणीस, तिसऱ्यांदा एकतीस आणि शेवटी चौतीस. बेरीज एक मिनिट बावन्न सेकंद. मनगटावरचं घड्याळ बघून हे मी तीन वेळा मोजलं आहे, तिन्ही वेळा तिकीट काढून. एखाद्या सेकंदाचा फरक पडला असेल. पण निववणीचे ठोके मोजायला घड्याळ लागलं नाही. ते शून्य होते.

सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. त्यांची आणखी जाहिरात माझ्या हातून कशाला? धरणाच्या तळाखाली जमिनीत हजारो वर्षं पडून राहिलेला परग्रहावरचा एक प्राणी उठतो आणि शहरांच्या मागे लागतो, एवढी गोष्ट आहे. लष्कर आहे, हेलिकॉप्टरं आहेत, चष्मेवाली एक शास्त्रज्ञ आहे. प्राणी वर येण्याआधी पडद्यावर काहीच दिसत नाही. पाणी थरथरतं आणि त्याखाली आमचा संबळ सुरू होतो. परिणाम जबरदस्त होतो. ते मी नाकारत नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती गावात कुणाला समजावता येईना, म्हणून इथे लिहितो आहे.

मुडबीला आमचं मूळ घर. माझा धंदा मन्नाएखेळ्ळीला, हायवेच्या कडेला वजनकाट्याचा. मुडबीच्या घरात माझे थोरले चुलते आहेत, त्यांना आम्ही सगळे मोठे अप्पा म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. वीरभद्राच्या जत्रेत पुरवंतापुढे संबळ वाजवायचा मान आमच्या घराकडे आहे आणि एकावन्न वर्षं तो मोठ्या अप्पांनी सांभाळला. पुरवंत म्हणजे हातात तलवार घेऊन देवापुढे नाचणारा, ज्याच्या अंगात देव येतो तो. संबळ त्याला आणतो. आधी हळू, मग दाट, मग इतका दाट की दोन ठोक्यांत फट राहत नाही. ही उठवणी. त्यानंतर निववणी. डाव्या हाताच्या मोठ्या भांड्यावर काठी बाजूला ठेवून नुसत्या तळव्याने अकरा ठोके, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा थोडा उशिरा. अकरावा पडला की पुरवंत खाली बसतो, त्याला पाणी देतात, बायका पदर सारखा करतात, आणि मगच कुणी बोलतं.

उठवणी झाली आणि निववणी झाली नाही, असं मी जन्मात पाहिलेलं नाही. सरावातसुद्धा नाही. माझी आजी गेली त्या दिवशी मोठे अप्पा देवळापुढे वाजवत होते. निरोप घेऊन आलेला माणूस बाजूला उभा राहिला. निरोप काय असणार हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. मोठ्या अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, अकरा ठोके पुरे केले, संबळ कमरेचा सोडला आणि मग विचारलं, ‘आई गेली का?’

अशा घरात ती सिनेमाची माणसं आली.

दोघं होते. एक संगीतकाराचा सहायक, मुंबईचा, मराठी बोलणारा. दुसरा आवाज टिपणारा, तो फारसा बोलत नसे. कुणीतरी जत्रेत मोबाइलवर काढलेला तुकडा फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता. सिनेमात एक मोठा प्राणी आहे, त्याच्यासाठी असा आवाज हवा, असं त्यांनी सांगितलं. राक्षस हा शब्द त्यांनी तेव्हा वापरला नाही. वापरला असता तरी मोठ्या अप्पांनी नाही म्हटलं नसतं. वीरभद्र काही गरीब देव नाही, त्याचाही अवतार उग्रच. ‘वाजीवतो की,’ ते म्हणाले, ‘आपलं काम वाजवायचं हाय.’

घरात कागदाचं काम माझ्याकडे असतं. मी म्हटलं, सगळं लिहून होईल, मगच संबळ बाहेर निघेल. माझ्या हाताने मी नऊ कलमं काढली. संबळाजवळ कुणी चपला घालून येणार नाही. दोन तासांच्या वर वाजवायला लावणार नाही. मधे दर अर्ध्या तासाने विश्रांती. पडद्यावर मोठ्या अप्पांचं पूर्ण नाव, आणि नावापुढे मुडबी, तालुका बसवकल्याण. हाच आवाज दारू किंवा गुटख्याच्या जाहिरातीत वापरणार नाही. असंच पुढचं. सहायकाने एकेक कलम वाचलं, मान्य केलं आणि सही केली. जाताना तो म्हणाला, ‘सर, इतका पक्का माणूस आम्हाला मुंबईतही भेटत नाही.’ मला ते आवडलं होतं. ते लपवत नाही.

हायवेजवळ ट्रकचा आवाज, देवळात घुमतं, म्हणून गावातल्या एका तुरीच्या गोदामात बसायचं ठरलं. तीन बाजूंना छतापर्यंत पोती. आवाज टिपणाऱ्याने मधे उभं राहून टाळी वाजवली, कान दिला आणि पहिल्यांदाच हसला. तुरीच्या पोत्यांनी आवाज पिऊन घेतला होता. मुंबईत अशी खोली करायला काय काय करावं लागतं ते त्याने सांगितलं आणि मोठे अप्पा म्हणाले, ‘मग तूर न्या की दोन ट्रक.’

सहा वेळा वाजवलं. सहाही वेळा उठवणी आणि सहाही वेळा अकरा ठोके. तिसऱ्या वेळी उठवणी शिगेला पोचली तेव्हा सहायकाने हात वर केला, बस, इतकंच हवं होतं. मोठे अप्पा थांबले नाहीत. काठी खाली ठेवली, तळवा उचलला आणि अकरा पुरे केले. सहायक माझ्याकडे बघून हसला. ‘आजोबांना मधेच थांबायची सवय दिसत नाही.’

मीही हसलो. नऊ कलमं काढणारा माणूस, दहावं डोळ्यांपुढे घडत होतं आणि मी हसलो.

पण खरंच सांगतो, ते सुचलंच नाही. पाहुण्याला ताट वाढलं तर हात धुवायला पाणी द्यावं, हे कुणी कागदावर लिहून घेतं का? आमच्यापैकी कुणालाच, गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या बायकांनाही, उठवणीपाशी कुणी कापेल असं वाटलं नाही. कारण कापता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

नऊ महिन्यांनी सिनेमा लागला. गावातून दोन जीप भरून पोरं कलबुर्गीला गेली. मी आणि बायको बसने गेलो. मोठे अप्पा गुडघ्यांमुळे आले नाहीत आणि सिनेमाची त्यांना आवडही नाही. पहिल्यांदा पाणी थरथरलं, संबळ सुरू झाला, आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बायकोने माझं मनगट धरलं. उठवणी चढत गेली, दाट झाली आणि जिथे तळवा पडायचा तिथे एकदम काहीच नाही. पडद्यावर एक पिवळा डोळा उघडला. सगळं थिएटर दचकलं. मी वाट बघत होतो. कशाची, ते मला चार-पाच सेकंद कळलं नाही. मग कळलं की माझ्या मांडीवर माझा डावा तळवा वर उचललेला आहे.

चारही ठिकाणी तसंच. आणि शेवटचं सगळ्यांत वाईट. प्राणी मेला असं सगळे समजतात, शास्त्रज्ञ बाई रडते, धरणाचं पाणी शांत होतं आणि परत संबळ. चौतीस सेकंद. पिवळा डोळा. अंधार. नावं. म्हणजे पुढचा भाग येणार.

मोठ्या अप्पांचं नाव आलं. पूर्ण आलं, मुडबीसकट. काना-मात्रेची चूक नाही. नऊच्या नऊ कलमं त्यांनी पाळली होती. माझ्याकडे भांडायला कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुडबीला गेलो तेव्हा घर भरलेलं होतं. जो तो सांगत होता, कसं वाजलं, कसं थिएटर हादरलं. मोठे अप्पा खाटेवर बसून ऐकत होते, खूष होते. लोक गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. बाकीच्यांना विचारण्यात अर्थ नाही, मोजणारा मी एकटा, हे त्यांना माहीत होतं.

‘तम्मा, निववणी कुठं घातली त्येनी? त्या जनावराला बसवताना का?’

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, पण मला ते लहानपणापासून तसंच म्हणतात. त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. शेवटी आहे, असं म्हटलं असतं तर ते तपासायला कलबुर्गीला जाणार नव्हते. पण माझ्या काट्यावर मी एका किलोचं खोटं बोललेलो नाही.

‘न्हाई घातली, मोठे अप्पा.’

‘अकराच्या जागी सात, पाच?’

‘एक बी न्हाई.’

त्यांनी खुंटीवरच्या संबळाकडे पाहिलं. मग विचारलं, रोज किती खेळ होतात. मी म्हटलं, कलबुर्गीला पाच. आणि बाकी गावांत? मी म्हटलं, ते मोजता येत नाही, देशभर लागला आहे, चार भाषांत.

‘म्हंजी मी रोज उठवायलोय,’ ते म्हणाले, ‘आन् बसवायला कोणच न्हाई.’

त्यांनी खुंटीवरचा संबळ काढला आणि दोन्ही भांड्यांच्या दोऱ्या ढिल्या केल्या. आमच्यात दोऱ्या ढिल्या म्हणजे वाजवणं बंद. उघडी राहिलेली उठवणी मिटल्याशिवाय आता त्या संबळावर हात पडणार नव्हता. जत्रेला सहा आठवडे होते. मोठ्या अप्पांखेरीज उठवणी वाजवणारे आणखी दोघं आहेत, पण निववणी त्यांनी अजून कुणाच्या हाती दिलेली नाही. म्हणजे यंदा पुरवंत उभाच राहणार नव्हता.

मी सहायकाला फोन लावला. चौथ्या दिवशी उचलला. त्याने आधी अभिनंदन केलं. मी मुद्दा सांगितला. त्याने नीट ऐकून घेतलं, हे मान्य करतो. मग म्हणाला, ते शेवटचे ठोके सुंदर होते, संगीतकारालाही आवडले होते, पण ते घातले की तणाव सुटतो. प्रेक्षकाला झालं असं वाटतं. आम्हाला तर त्याला अधांतरी ठेवायचं होतं.

मी म्हटलं, ‘तुम्ही प्रेक्षकाला ठेवलंत. आमच्या देवालाही ठेवलंत.’

‘सर, मी तुमच्या भावना समजू शकतो. पण शेवटी तो एक ध्वनी आहे.’

नुसता ध्वनी! मग मुंबईहून मुडबीला कशासाठी आला होतात? तुमच्या यंत्रात जगातले सगळे ढोल आहेत, असं तुम्हीच गोदामात सांगत होतात. त्यातला एखादा दाबायचा होता. तुम्हाला आमचाच हवा होता, कारण त्यात काहीतरी उठतं, हे तुमच्या कानाला बरोबर कळलं. उठतं ते कळलं आणि बसवावं लागतं ते मात्र कळलं नाही? हे सगळं मी त्याला बोललो. तो म्हणाला, रेकॉर्डिंग जपून ठेवलं आहे, दुसऱ्या भागात प्राणी खरंच मरतो, तिथे नक्की घालू. मी विचारलं, कधी. तो म्हणाला, दोन-अडीच वर्षं धरा.

माझ्या काट्यावर भरलेला ट्रक येतो, त्याचं वजन मी घेतो. माल उतरवून रिकामा ट्रक परत आला की पुन्हा वजन घेतो, आणि तेव्हाच पावती पुरी होते. रिकामा परत न येणारा ट्रक मी पंचवीस वर्षांत दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो चोरीचा निघाला. हे उदाहरण मी त्याला दिलं नाही. त्याला कळलं नसतं.

गावातल्यांचा राग मला त्याच्याहून जास्त आला. चहाच्या हॉटेलात एकाने मला ऐकवलं, ‘काटेवाले अण्णा, आता सिनेमा बी तोलायलाव का?’ दुसरा म्हणाला, ‘म्हाताऱ्याचं नाव साऱ्या जगात झालं, यांचं पोट कामून दुखायलंय?’ ही तीच माणसं, जी जत्रेत अकरावा ठोका पडेपर्यंत श्वास सोडत नाहीत. अंधारात आपला आवाज मोठा होऊन आला आणि एवढ्याने यांना सगळं मिळालं. काय मिळालं नाही, हे एकाच्याही कानाला खटकलं नाही. एकावन्न वर्षं ते काय ऐकत होते, देव जाणे.

जत्रा दोन आठवड्यांवर आली तेव्हा मोठ्या अप्पांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी आपला विचार केला होता.

‘त्यो सिनेमा निघणार कवा?’

मी चौकशी केली. कलबुर्गीचा निघून गेला होता. आळंदच्या एका जुन्या टॉकीजमध्ये उशिरा लागला होता, तोही माणसं नसल्यामुळे दुपारच्या एकाच खेळावर आला होता. गुरुवारचा शेवटचा, शुक्रवारी नवीन लागणार.

‘मग बेस्तवारी जाऊ,’ ते म्हणाले आणि संबळाच्या दोऱ्या आवळायला बसले. बेस्तवार म्हणजे गुरुवार.

आळंदला टॉकीजच्या दारावरच्या माणसाने संबळाचं गाठोडं उघडायला लावलं. वाद्य आत चालणार नाही म्हणाला. मॅनेजर आला, तोही तेच म्हणाला. मी वाद घालायच्या तयारीत होतो, पण मोठ्या अप्पांनी त्यालाच विचारलं, ‘बाबा, खेळ संपल्यावर वाजीवलं तर चालंल का?’ मॅनेजर म्हणाला, संपल्यावर काय करायचं ते करा, झाडूवाला यायच्या आत करा.

प्रेक्षक एकोणीस होते, आम्ही धरून. मोठ्या अप्पांनी सिनेमा नीट पाहिला. हेलिकॉप्टरं आली तेव्हा कंटाळले, प्राणी आला की पुढे सरकत. पहिली उठवणी तुटली तेव्हा त्यांच्या हाताला हिसका बसला, गाठोड्याला धरून त्यांनी तो आवरला. दुसऱ्या वेळेपासून फक्त एकेक बोट मिटत गेले. प्राणी एका पुलावर डोकं आपटत होता तेव्हा माझ्याकडे वाकून म्हणाले, ‘बिचारं. कोणी बसवंनाच त्याला.’

नावं सुरू झाली. माणसं उठली. मोठ्या अप्पांचं नाव वर सरकून गेलं, मी दाखवलं, पण ते संबळ मांडीवर घेण्यात गुंतले होते. पडदा पांढरा झाला तशी त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि तळवा उचलला.

अकरा. थोडं थांबून पुन्हा अकरा. दारात मॅनेजर आणि झाडूवाला उभे होते. मॅनेजर काहीतरी म्हणायला पुढे आला आणि सतराव्या-अठराव्या ठोक्याला तिथल्याच एका खुर्चीवर बसला. पुन्हा अकरा. पुन्हा अकरा. शेवटचा ठोका इतका उशिरा आला की मला वाटलं, विसरले.

‘किती झाले, तम्मा?’

‘चव्वेचाळीस.’

‘इथलं झालं,’ ते म्हणाले. बाहेर आल्यावर बसस्टँडपर्यंत गाठोडं त्यांनी माझ्याकडे दिलं नाही. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, ‘माझ्या हाताला पोचलं तेवढं केलं. बाकी गावाचं त्या मुंबईवाल्याच्या माथी.’

जत्रेत त्यांनी वाजवलं. वाजवण्याआधी त्यांनी पुरवंताच्या भोवतीचे सगळे मोबाइल एका टोपलीत ठेवायला लावले आणि ती टोपली देवळात नेऊन ठेवायला मला सांगितलं. एकूण सदतीस होते. पोरं कुरकुरली. मी एकालाही परत दिला नाही, अकरावा ठोका पडेपर्यंत.

आता तो सिनेमा मोबाइलवर आला आहे. त्याला खेळ नाहीत, शेवटचा गुरुवारही नाही. माझ्या काट्यासमोरच्या ढाब्यावर ड्रायव्हर लोक जेवताना तो लावतात. दिवसातून एकदा तरी उठवणी रस्ता ओलांडून माझ्या टेबलापर्यंत येते, चढते, दाट होते आणि तुटते. मग मी पेन खाली ठेवतो आणि डाव्या तळव्याने टेबलावर निववणी सुरू करतो. मोठ्या अप्पांनी शिकवलेली नाही, माझी ती बरोबर पडत नाही, हे मला माहीत आहे. खिडकीशी पावतीसाठी उभा असलेला ड्रायव्हर विचारतो, ‘काय अण्णा, काटा बिघडला का?’

अकरा होईपर्यंत मी त्याला उत्तर देत नाही.